पिवळं कार्ड

खुमसिंग, बस. पंखा बंदच आहे,
खिडकीकडे सरक.
तू युगांडाला चाललास हे मला आधी
मेडिकलवाल्या चौधरींनी सांगितलं,
मग चोपड्याच्या एसटीत कंडक्टरनं,
"आपला खुमसिंग इमानमा बसी राहिना!"
आणि तू, सगळ्यात शेवटी.

वनखात्यानं आठ गाइड निवडले,
अडावदच्या वरचा तू एकटा.
तिकडे जंगल कसं दाखवतात ते बघून यायचं.
ठीक. बाही वर कर.
हे धनुर्वाताचं.
हे टायफॉइडचं, जळगावहून मागवलंय,
पावती फाइलला लाव, नाहीतर पैसे बुडाले.
पीतज्वराचं इथं मिळत नाही, मुंबईला जावं लागेल,
निघायच्या दहा दिवस तरी आधी.
आधी म्हणजे आधी, आदल्या रात्री नाही.
ते एक पिवळं कार्ड देतील.
पासपोर्टात ठेव, शर्टाच्या खिशात नको,
तुझा शर्ट खिशासकट नदीवर धुतला जातो.

या हिवतापाच्या गोळ्या. हसू नकोस.
तुला तीनदा हिवताप झालाय मला माहीत आहे,
दोनदा माझ्याच काचपट्टीवर सापडलास,
तिसऱ्यांदा भगताकडे गेलास
आणि मला म्हणालास, पाहुण्याकडे गेलो होतो.
पण तिथला डास तुला ओळखत नाही.
जेवणानंतर, रोज एकाच वेळी,
आणि परत आल्यावरही चार आठवडे.
हेच सगळे विसरतात.
घराचा उंबरा दिसला की माणसाला वाटतं
आता काय व्हायचंय.

पूर्ण बाह्या. मच्छरदाणी गादीखाली खोचून.
तळ्यात उतरायचं नाही, पाणी कितीही निवळ असो,
अनेरच्या डोहातल्या उड्या इथंच ठेवून जा.
पाणी उकळलेलं. फळ असं खायचं
जे आपल्या हातानं सोलता येतं.
म्हणजे केळं.
हो रे, मी रावेरची, मला दुसरं काय सुचणार?
समुद्र ओलांडून जाशील आणि केळं खाशील.

आणि खोकला असला तर
गोरिलाच्या जवळ जायचं नाही.
आपलं दुखणं त्याला लागतं.
बघ, आता कुठं मान वर केलीस.
"मग त्याला कोण टोचतं, सिस्टर?"
मला नाही माहीत. विचारून ये.

फॉर्मवर एक रकाना होता: बालपणीचं लसीकरण.
सोमवारी तू म्हणालास, नाही लिहा.
दारात बसलेली ठुमलीबाई म्हणाली, एक बाई यायची,
खांद्याला डबा.
कुठल्या साली?
अस्वलानं गेमाचा कान नेला त्या साली.
हे मी रकान्यात कसं भरू?

काल कपाटावरचा गठ्ठा खाली काढला.
वाळवीनं निम्मा खाल्लेला.
नेहेते सिस्टरांचं अक्षर,
माझ्या आधीच्यांच्याही आधीच्या.
शाई फुटलेली, वही बहुतेक नदीतून आलेली.
"शेवरेपाडा. अंजनाखाली. मुलं एकोणीस.
बर्फ संपत आला, घाई केली.
ठुमली पावराचा मुलगा, नाव ठेवलेलं नाही.
डावा दंड.
लाथ मारली, चश्मा गेला."

पुढच्या पानावर पुन्हा शेवरेपाडा,
पुढच्या महिन्यात.
चश्म्याचं काय झालं ते लिहिलेलं नाही,
अक्षर मात्र जरा मोठं झालंय.

रकान्यात मी होय लिहिलं.
तारीख तीच, त्यांची.

कापूस दाबून धर, चोळू नकोस.
अर्धा तास बाहेर बाकावर बस,
गरगरलं तर हाक मार.
सगळ्यांनाच बसवते.
आणि खुमसिंग,
तो दुसरा पाय जरा लांब ठेव,
माझा चश्मा नवा आहे.