चार बोटं अलीकडे

हिद्दच्या यार्डात अजून जहाज नाही.
फक्त पत्र्याची शेड, आणि आत
विनाशिकेचं इंजिनघर, वाळूवरच उभं.
खाली समुद्र नाही, तरी थरथरतं.

तीन महिने आम्ही ते मुद्दाम बिघडवतोय.
व्हॉल्व्ह आवळ, तेल तोड, वीज घालव.
फुटायचं ते इथंच फुटू दे,
परकारचाचा म्हणतात,
पाण्यात गेल्यावर शिवीसुद्धा महाग पडते.

पहिल्या जहाजाला त्यांनी एकच नळी
सात वेळा कापली, सात वेळा जोडली.
नकाशात ती सरळ होती;
माणसाचा खांदा नकाशात नव्हता.
दुसऱ्याला तीनदा.
आता चौथं. चाचा नकाशा उघडतच नाहीत.
खांदा तिरका करून हवेत हात घालतात,
जिथं भिंत अजून यायची आहे,
आणि म्हणतात, इथं नको. चार बोटं अलीकडे.

इंजिनिअर बोटांचे मिलिमीटर करून घेतो.
वेळापत्रकातून अकरा आठवडे गळतात.
घाई कुणाला आहे,
शेडमध्ये कुणी विचारत नाही.

रात्री कॅम्पवर चाचा हात धुतात.
उजव्याला बोटं साडेचार.
उरलेलं अर्धं पहिल्या जहाजाबरोबर
फिरतंय कुठल्यातरी पाण्यावर.