जी-एच

हत्तुरे सरांनी फळ्यावर एका शब्दाच्या पोटात गोल केला.
गोलात जी आणि एच,
एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर बसावीत
तशी ओळख नसलेली दोन माणसं.
"ही जोडी ज्यात येते असे वीस शब्द. अर्थासकट. सोमवारी."

डिक्शनरी अख्ख्या विडी घरकुलात एक,
बोद्दुलांच्या पुंडलिककडं.
कव्हर नाही, ए सगळा बंबात गेलेला,
इंग्रजी बी पासून सुरू व्हायची.
शिवाय डिक्शनरी उघडते पहिल्या अक्षरानं
आणि ही दोघं लपतात मधे, नाहीतर शेवटी.
एकटं भूत तेवढं त्यांना पुढं घालून उभं होतं: घोस्ट.
मग काय, पान पान चाळलं,
तांदूळ निवडावेत तसं.

रविवारी रात्री आई सूप मांडीवर घेऊन बसलेली,
ओल्या फडक्यात पानं, पत्र्याच्या मापावर कात्री.
मी वाचत होते, ती वळत होती.

नाइट म्हणजे रात्र.
"त्यात कुठाय तुझं जी-एच?"
लिहायचं असतं, म्हणायचं नसतं.
"बोलत नाहीत, तर मजुरी कशाची घेतात?"

लाइट म्हणजे उजेड.
तेवढ्यात लाइट गेली.
खोटं सांगत नाही, तेव्हा रोजच जायची.
चिमणी पेटवली, काच पुसली, पुढं.

वेट म्हणजे वजन.
त्याचं पहिलं अक्षर उडवलं की उरतं एट, म्हणजे आठ.
आई हसली. "हे आमच्या चेकरला येतं.
हजार नेल्या की मूठमूठ छाट काढतो,
कार्डावर आठशे."

कॉफ म्हणजे खोकला.
इथं मात्र दोघं तोंड उघडतात, फ म्हणतात.
"कफ? हे तर मराठीच की गं."
लाफ म्हणजे हसणं, तिथंही फ.
तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला,
सूप हललं, तंबाखू सांडली,
आणि बराच वेळ
कुठला शब्द चाललाय ते मला कळेना.

पाणी पिऊन म्हणाली, वाच.

डॉटर म्हणजे मुलगी.
यात परत गप्प.
"बिड्डा," आई म्हणाली, दोऱ्याचं टोक दातात धरून,
मला की शब्दाला, कोण जाणे.
डॉटरच्या पुढचं एक अक्षर बदललं की हसणं होतं, लाफ्टर.
त्याला पुढून एस लावला तर स्लॉटर.
तो वहीत होता, अर्थासकट.
तिला वाचून दाखवला नाही.

रफ म्हणजे खरबरीत. तिनं बोटं पुढं केली.
थ्रू म्हणजे आरपार. बॉट म्हणजे विकत घेतलं.
थॉट म्हणजे विचार. तिचे डोळे मिटत होते,
हात मिटत नव्हते.

विसावा इनफ.
त्याच्यापुढं जागा कोरी.
सगळ्यात मोठा अर्थ पुंडलिकच्या पुस्तकात
नेमका शाईच्या डागाखाली गेलेला.
आई, एखादं माणूस वाढतंच आहे,
आणि आपलं पोट भरलंय, तर काय म्हणायचं?
"चालु," ती म्हणाली, झोपेत.
मी लिहिलं: इनफ म्हणजे चालू.

सोमवारी सरांनी लाल पेनानं त्यावर फुली मारली.
"चालू? चालू म्हणजे सुरू. हे उलटंच झालं!"
वर्ग हसला. फ, फ, फ.
सरांच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू,
आमच्या दोघांत मराठी.
मी उठून सांगू शकले असते.
लिहिलेली होते मी हजेरीत, पाचव्या बाकावर.
बोलले नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, किती?
एकोणीस.
"एक कुठं गेला?"
छाट, मी म्हटलं.
तिनं मान हलवली,
जुडीला दोरा गुंडाळला
आणि दुसरी घेतली.