दोन हिरवे

आंतोन पेंटरने भिंतीवर दोन चौकोन मारलेत
शेजारी शेजारी, वहीच्या पानाएवढे.
एक आंबाड्याचं कोवळं पान,
दुसरा तेच पान, चार दिवसांनी.
"बाई, माका दोनय सारखेच दिसतत,"
म्हणतो, आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवून
विडी पेटवतो.

मी उजवा डोळा झाकते : सारखेच.
डावा झाकते :
नाहीत.

गेल्या महिन्यात सावंतवाडीला
फक्त उजव्यातला मोतीबिंदू काढला.
डाव्याची तारीख गणपतींनंतर.
तोवर माझ्या खोलीत
एकाच जागी दोन भिंती.

वेंगुर्ल्याच्या पोस्टात तीस वर्षं
अर्धवट उमटलेले शिक्के वाचले मी,
चुकले नाही कधी
असं वाटायचं.

दुपारी मांडवीवरून ऊन आत आलं
तसे चौकोन एकमेकांकडे सरकले,
ट्यूब लावल्यावर पुन्हा फुटले.

"सांगा बेगीन, उद्या म्हापणात काम आसा."

कोवळा लाव, म्हटलं.
दुसरा मात्र पुसू नको,
राहू दे तेवढा चौकोन.
तिथे कपाट येईल.
गणपतींनंतर कुणाला तरी बोलावून
सरकवून बघेन.