चाळीस

घणसोलीच्या शाळेत, शेवटचा तास संपल्यावर,
प्रणिता मढवी अजून बाकावरच.
एनचा वर्ग, अधिक एन, अधिक एक्केचाळीस.
शून्य घातलं, मूळ संख्या. एक घातला, मूळ.
विसाव्या ओळीला म्हणाली, "बाई, झालं की सिद्ध."
मी डस्टर झटकत राहिले.

रबाळ्याची पाळी सुटली,
शिपाई किल्ल्या वाजवून गेले दोनदा.
एकोणचाळीसला सोळाशे एक. तीही मूळच.

मग चाळीस घातले
आणि पेन थांबलं.
भागाकार केलाच नाही तिनं, नुसतं पाहिलं:
चाळीस वेळा एक्केचाळीस,
त्यात आणखी एकदा एक्केचाळीस.

"बाई, हे तर पहिल्या ओळीपासून इथंच होतं!"

मला वाटलं, रडेल.
तिनं वहीचं मागचं कोरं पान काढलं,
वर लिहिलं:
समजा