खण बुजवताना

पाचगावच्या वरच्या अंगाला जुनी खण.
दगड संपला तेव्हा पाणी आलं,
पाणी आलं तेव्हा म्हशी आल्या, पोरं आली,
आणि सातबारा बदलला तेव्हा मी,
पोकलेन घेऊन.

बकेटी मोजायची सवय आहे मला.
ट्रिपा मोजतो, डिझेल मोजतो.
कंत्राटदार चौगुल्यांचा भरवसा आहे म्हणून नव्हे,
नाही म्हणून.

दोनशे अकरावी बकेट
काठ ओढून आत घेताना उचलली
आणि गाळाला पाय फुटले.

हात लिव्हरवरच राहिला.
बकेट हवेत, बकेटीत ते.
ताटाएवढं. पाठ कापशीच्या कमावलेल्या कातड्यासारखी, ओली.
खाली पंधरा फूट, वर ऊन,
आणि मान लांब करून ते बघतंय
जसा खेड्यातला म्हातारा
पहिल्यांदा लिफ्टमधून बाहेर पडतो.

इंजिन बंद केलं.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथली टिटवी ऐकली.

इर्शाद पळत आला, "वाढीव हाय की राव!"
डंपरवाला म्हणाला, कालवण.
चौगुल्यांचा भाचा म्हणाला, ऑफिसात काचेच्या टाकीत ठेवू,
बरकत येते.
वॉचमनची सत्यव्वा काहीच म्हणाली नाही,
कुयरी घेऊन आली, पाठीवर दोन बोटं टेकवली.
"देवळातलं दगडाचं असतंय. हे चालतंय की गं बाई."

मला चार माणसांत बोलता येत नाही,
काच लावून बसायचा धंदा माझा.
गोणपाट भिजवलं, गुंडाळायला गेलो.
अंगठ्याजवळ कडकडून चावलं.
त्याचं बरोबरच होतं.

वनखात्याचा फोन चौथ्यांदा लागला.
बाई होत्या, आवाजात घाई नाही:
"हळद धुऊन काढा. उलटं धरू नका.
नदीला फेस आलाय, तिकडं नको,
कळंब्याला आणा, आमचा माणूस येईल.
आणि फोटो काढत बसू नका."

इर्शादची गाडी, मी मागं, मांडीवर गोणपाट.
वाटेत बाटलीतलं पाणी शिंपडत होतो,
माझीच पँट भिजली, लोक बघून हसले.
जेलच्या भिंतीकडेनं जाताना
आतली वळवळ एकदम थांबली.
मीही श्वास धरला, उगीचच.

तलावावर खाकीतला पोरगा, खोत नाव त्याचं,
कागद मांडीवर घेऊन बसला.
"कुठं सापडलं?"
बकेटीत.
"असं लिहिता येत नाही."
मग त्यानं खणीत लिहिलं,
आणि मी सही केली
खण असल्याची.

चिखलावर ठेवलं तर हलेना.
मान आत, पाय आत,
मागच्या पायांवर कातडीची दोन दारं ओढून घेतलेली.
इर्शाद म्हणाला, मेलं काय?
खोत म्हणाला, थांबा.
थांबलो.
एवढं थांबणं मला पगारी कुणी दिलं नव्हतं.
समोर बगळा, पलीकडं कात्यायनीचा डोंगर सावलीत गेलेला,
कुणाच्या तरी मोबाईलवर बाजारभाव.

मग एक दार किलकिलं झालं.
नाकपुड्या, जणू दोन टाचण्यांची टोकं.
पाणी कुठं आहे ते त्याला
आम्ही सांगायची गरज नव्हती.
गेलं.
वळून बघितलं नाही. बरं केलं.

रात्री अंगठा ठणकत होता.
इंजेक्शन घेतलं होतं, तरी.
बायको म्हणाली, पुण्य केलंस, झोप आता.
मी छताकडं बघत आकडा लावत होतो.
ते होतं दोनशे अकरावीत.
त्याआधीच्या दोनशे दहा
मी नुसत्या मोजल्या होत्या.

सकाळी सातला चावी फिरवली.
पहिली बकेट उचलली, टेकवली,
खाली उतरलो,
हातानं गाळ चाळला.
परत चढलो. दुसरी उचलली. उतरलो.
चौगुले छत्री घेऊन काठावर,
"काय हरवलंय रे तुझं?"
म्हटलं, मोजतोय.

दिवसभरात चाळीस झाल्या.
हिशेबाच्या वहीत
चाळीसच लिहिल्या.