दीड श्वास

विसरला की तो आधी डाव्या कफाचं बटण चाचपायचा.
मग मी मोजायचे: एक श्वास, आणि अर्धा.
तेवढ्यात आठवलं तर ठीक,
नाहीतर विंगेतून पहिला शब्द, फक्त पहिला,
इतका हळू की पुढच्या रांगेतल्या
फरकोटातल्या बाईलाही कळू नये.

पाटीवर हॅलम थॉर्बर्न.
पगाराच्या वहीत काझिमिर ड्रोझ्द,
स्क्रॅन्टनच्या खाणकामगाराचा थोरला,
नवव्या वर्षापासून कोळशातले दगड निवडलेला.
नखांतली काळी रेघ कधी गेली नाही;
मलम लावून झाकायचो, दोन्ही प्रयोगांना.
आवाज मात्र धुऊन वाळत घातल्यासारखा.
कुठून आणलास विचारलं तर म्हणायचा,
आमच्या पोलिश चर्चच्या बुटक्या पाद्र्याकडून उसना घेतलाय,
त्यानं परत मागितला नाही अजून.

रॉचेस्टरला दर आठवड्याला नवं नाटक.
या सोमवारी राजा, पुढच्या सोमवारी राजाचा खुनी,
अंगरखा तोच, उलटा करून.

मग चित्रं बोलायला लागली
आणि तिकडे बोलता येणारी माणसं कमी पडली.
आमच्या मॅनेजरचे शेअर बुडाले त्याच आठवड्यात
तो पश्चिमेच्या गाडीत बसला.
सोबत एक पेटी,
आणि पेन्सिलीच्या खुणांची माझी एक संहिता,
जी त्यानं चोरली असं मी अजूनही म्हणते.

स्टुडिओनं नवे दात बसवले.
दोन वर्षं नायक करून पाहिलं,
मग हातात ट्रे दिला.
बटलर अकरा वेळा. न्यायाधीश सात.
एकदा मेलेला नवरा, नुसता तसबिरीत;
त्याचे पैसे सगळ्यात बरे मिळाले.

नाताळला पत्र यायचं.
"लुएला, इथे विसरलं तर कुणी थांबत नाही, थांबवतात.
कुणीतरी येऊन नाकाला पावडर लावतं
आणि पुन्हा पहिल्यापासून,
जणू मी विसरलोच नव्हतो.
इतकी माफी माणसाला सोसत नाही."

म्हणून पानगळ लागली की परत यायचा,
निम्म्या पैशात, सहा आठवडे.
लोक बटलर बघायला यायचे.
एंट्रीला टाळ्या पडायच्या, त्या ट्रेला.
तो त्या संपेपर्यंत उभा राहायचा
आणि पहिल्याच वाक्यात
त्यांना तो ट्रे विसरायला लावायचा.

बासष्ट साली मेनमध्ये, गोठ्याचं केलेलं थिएटर,
आढ्याला पाकोळ्यांची घरटी.
तिसरा अंक. बाप मुलाला घराबाहेर काढतो.
वाक्य एका शब्दाचं: जा.
तो येईना.
हात बटणाशी गेला. मी मोजलं, एक, अर्धा,
तोंड उघडलं,
आणि समोर पाहिलं: दोनशे माणसं
एका बापाला 'जा' म्हणवत नाहीये, हे बघत होती.
मी शब्द गिळला.
मुलाचं काम करणारा पोरगा, घामाघूम,
शेवटी आपणहून निघून गेला.

पेपरात त्या शांततेवर अख्खा परिच्छेद आला.
तो माझ्याशी आठ दिवस बोलला नाही.
नवव्या दिवशी म्हणाला,
"मी बुडत होतो, आणि तू बघत बसलीस,
तिकीट काढून आल्यासारखी."

आता तो नाही.
रात्री एकनंतर, गाद्यांच्या जाहिरातींमध्ये,
कधीकधी दार उघडतो,
कुणाचा तरी ओला कोट हातात घेतो.
परवा एक चित्रपट लागला, मी न पाहिलेला.
कोट घेतला, पाहुण्याकडे बघितलं,
आणि हात डाव्या कफाकडे गेला.

मी बशी खाली ठेवली.
एक श्वास.
अर्धा.

"बाईसाहेब लायब्ररीत आहेत," तो म्हणाला,
अगदी सहज.
त्यांनी ते कापलं नव्हतं.

झोप लागली नाही मला.
इतक्या लांब, त्या दिव्यांमागे,
पहिला शब्द त्याला कुणी दिला असेल?