दहा मिनिटांचा थांबा

पिवळी झेंडी उंच धरून तान युएलिंग सांगते,
हा डोंगर हत्तीचा,
तो चष्मा हरवलेल्या म्हाताऱ्याचा.
आम्ही माना डोलावतो. दिसत काहीच नाही.
ली नदीवर धुकं नुसतं,
आणि बांबूचे म्हणून सांगितलेले तराफे
जवळ आल्यावर प्लास्टिकच्या नळ्यांचे.

लोंगशेंगच्या उतारावर पाणी भरलेली खाचरं,
एखादं तर इतकं चिंचोळं की
बेडूक उडी मारून शेजाऱ्याच्या शेतात.
"साडेसहाशे वर्षं," ती म्हणते,
आणि रोज सांगूनही आकडा
घशात किंचित अडकतो.

पुढे एका वळणावर
कार्यक्रमपत्रिकेत नसलेला
दहा मिनिटांचा थांबा.
पपनसांचा ढीग, मागे निळ्या फडक्याची बाई.
युएलिंग भाव करत नाही,
बाई पैसे घेत नाही.
दोघी बोलतात ती भाषा
बसच्या माइकवर कधी आली नव्हती.
निघताना बाई हात पुढे करते,
झेंडीची सैल गाठ
दातांनी ओढून घट्ट करते.
कॅमेरे तेव्हा डोंगरांकडे.

ग्वांगझौ येतं ते पुलांवर पूल चढवत.
चौतिसाव्या मजल्यावरही
कुणाची तरी बनियन वाळतेय.
"इथली लोकसंख्या," ती सांगते,
न अडखळता.

हॉटेलच्या पायरीवर बसून पपनस सोलते,
साल जाड, बोटांना कडू वास.
फोडी आम्हाला वाटून टाकते,
बिया तेवढ्या
तिकिटांच्या पाकिटात.

"नाश्ता सातला," ती म्हणते,
"उशीर नको."